भुईनळ्याचा व्हिडिओ का टाकला नाही

मंडळी, सकाळी मीच ग्रुपवर मिरवलं होतं, आज घरी केलेला भुईनळा उडवतो म्हणून. आता सगळे व्हिडिओ मागताय, तर ऐका.

दिवस मावळताना सिरसाळ्याच्या शेतात नळा पेटवला. ठिणग्यांचं झाड लई उंच गेलं. माझी सगळी नजर मोबाईलवर. वाऱ्यानं ठिणग्या शेजारच्या काकूंच्या कडब्याच्या गंजीवर पडतायत, हे मला दिसलंच नाही.

काकू घागर घेऊन पळत आल्या, तेव्हा कुठं मी मोबाईल टाकून धावलो. तरी अर्धी गंजी गेली. त्यांच्या म्हशींचा उन्हाळ्याचा चारा होता तो.

आग विझल्यावर काकूंनी आधी माझे हात उलटेपालटे करून बघितले. "तुला कुठं भाजलं न्हाई ना रे?"

मी मातीत पडलेला मोबाईल उचलला.

घरी येऊन व्हिडिओ बघितला. काकू घागर घेऊन पळतायत आणि माझा आवाज येतोय, "काकू, मधी येऊ नका, शूटिंग चालू हाय!"

तेवढा आवाज काढून व्हिडिओ टाकता येईल. पण काकूंनी तो ऐकलाय. उद्या कुठल्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ, सांगा.