काळ्या शाईचे दोन शिलिंग

किलब्रॅकच्या टपालखान्यातली हनोरा क्रोली कुणाचं पत्र कधी फोडायची नाही. फोडायची गरजच काय? पाकिटावरचे शिक्के बघूनच ती समुद्रापार बोस्टनला गेलेल्या पोरांचं बरंवाईट सांगायची. लाल आकडा असला की टपाल पोरानं तिकडेच भरलेलं, म्हणजे हाताला काम आहे. काळा असला की इथं आईनं एक शिलिंग भरायचा. आणि गाव असलं चोंबडं, की काळं पत्र आलं रे आलं, विहिरीवर बायका सुरू, "पोरगं उपाशी दिसतंय हो त्यांचं!"

म्हाताऱ्या गॉबनेट लेहेनच्या पोराचं, फिनीनचं, वर्षभर पत्र नव्हतं. गुरुवारी आलं, तेही काळं. एक नाही, चांगले दोन शिलिंग!

"परत पाठव," म्हातारी म्हणाली. मान ताठ, पण नजर पाकिटावरून हलत नव्हती. "वाईटच असणार. मला नाही ऐकवणार, बाई."

"मावशी, तीनच्या टपालगाडीनं गेलं की गेलं. त्याला वाटेल, आईनंच दार लावलं."

"वाटू दे."

हनोरानं चष्मा लावून पाकीट खिडकीशी नेलं. कोपऱ्यात लाल शाईत चोवीस सेंट, म्हणजे इथला एक शिलिंग, भरल्याची खूण होती, वर काळी काट मारलेली. तिनं पत्र तराजूत टाकलं. अर्ध्या औंसाचं वजन टुणकन वर गेलं आणि बाई खो खो हसायला लागली.

"अगं, भरलेत त्यानं! पण पत्र अर्ध्या औंसाहून जड, दुप्पट लागत होते. कमी पडले की भरलेलेही धरत नाहीत. सगळं तुझ्या बोकांडी."

"म्हणजे त्याचे चोवीस सेंट खाल्ले?"

"नियमानं खाल्ले."

"मेल्या नियमाला बरंच मोठं पोट आहे!" म्हातारी करवादली. पण चेहरा उजळला होता. पोरगा कमावत होता! तिनं शालीची गाठ सोडली आणि बुटांसाठी जपलेले दोन शिलिंग फळीवर आपटले. "फोड. पण इतकं जड आहे काय त्यात?"

आत नुसते कागद. आठ ताव, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेले. त्याचं मागचं पत्र तीन ओळींचं आलं होतं, तेव्हा म्हातारीनं हनोराकडून खरमरीत लिहून घेतलं होतं, "शाई महाग झाली का रे, मुडद्या?"

हनोरा वाचू लागली. "आई, शाई महाग नाही. आता बस आणि ऐक."

म्हातारी बसली. तीनची गाडी आली, तर गाडीवानही दारात ऐकत उभा राहिला. गोदीतलं काम, घरमालकिणीचं पाणचट सूप, ठरत आलेलं लग्न, सगळं आलं. गॉबनेट हसत होती आणि शालीचं टोक डोळ्यांना लावत होती.

"त्याला लिहू का, थोडक्यात लिही म्हणून?" शेवटी हनोरानं विचारलं.

"खबरदार! असंच लिही म्हणावं. फक्त तिकडे दुप्पट भर."

जाताना ती मुद्दाम विहिरीवरून गेली, काळा आकडा सगळ्यांना दिसेल असं पाकीट छातीशी धरून. बायका बादल्या सोडून पाकिटाकडे बघू लागल्या.

"बघताय काय?" गॉबनेट म्हणाली. "तुमची पोरं एका शिलिंगात उरकतात. माझ्याला दोन लागतात."