‘होडी’ नावाचा डेटा टाइप

मुरुडच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या डिझेलवाटपासाठी मी एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला. त्यात माहिती ठेवायला ‘होडी’ नावाचा स्वतःचा डेटा टाइप बनवला. नाव, मालक, इंजिन, सगळं एकाच गाठोड्यात.

चेअरमन म्हणाले, “आणखी एक रकाना टाक. होडी आपली हाय का?”

‘हो’ असेल तिला डिझेल आधी. चुलीत गेलं तुमचं डिझेल, असं मनात म्हणत मी टाकला.

विरोधी गटाचे म्होरके दर सभेत या रकान्याच्या नावाने बोंब मारायचे. निवडणूक झाली आणि तेच चेअरमन झाले. मला वाटलं, आता रकाना जाणार.

“काढतोस कशाला? ‘हो’चं ‘न्हाय’ कर, ‘न्हाय’चं ‘हो’.”

एका बटणावर काम झालं. खूश होऊन त्यांनी हळूच विचारलं, “हे बटण पुढच्याला सापडणार न्हाय ना?”