टाकी खाली ठेवा

आमचे बाबा म्हणजे दत्तात्रय मास्तर. सरकारी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि पस्तीस वर्षं पोरं बडवली. घरी येताना हात काही शाळेत ठेवून येत नसत. पट्टी, वहाण, लाटणं, जे हाती लागेल ते. मी गव्हाच्या कोठीमागे जाऊन बसायची, तर झिंज्या धरून बाहेर ओढायचे. नऊ वर्षांची असताना माझं डावं मनगट त्यांनी असं पिरगाळलं की हाडच मोडलं. डॉक्टरांना सांगितलं, झोपाळ्यावरून पडली. आई शेजारी उभी होती, तीही हो म्हणाली. ते मनगट आजही पुरतं वळत नाही. कणीक मळताना रोज बाबांची आठवण येते मेली!

असा माणूस सत्तराव्या वर्षी मासे पाळायला लागला. दीड फुटाची काचेची टाकी, त्यात सहा मासे. आई गेल्यापासून इंदूरकडच्या नानाखेड्याच्या त्याच जुन्या घरात एकटेच होते. म्हटलं, बसू दे त्यांच्याकडे बघत.

टाकीत जिवंत झाडं लावायची म्हणून एकदा मीच त्यांना स्कूटीवरून माधव नगरला घेऊन गेले. दुकानदार सुमीत त्यांचाच विद्यार्थी, एकेकाळी त्यांच्या हातची कानाखाली खाल्लेला. त्याने आधी हिरवागार बांबू पुढे केला. बाबा कडाडले, "ये पानी में जीता है, या सड़ने तक बस खड़ा रहता है?"

"सड़ेगा, सर," सुमीत घाबरून खरं बोलून गेला.

लाल पानांचं झाड नको, त्याला उजेड फार लागतो. रुंद पानांचं नको, ते एकटंच सगळी टाकी खाऊन टाकेल. शेवटी मागच्या काचेशी लावायला लांब पानांची वॅलिस्नेरिया घेतली. अनुबियास घेतलं, पण दगडाला दोऱ्याने बांधायला, कारण त्याचं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. आणि जावा मॉसचा हा एवढा मोठा गुंता.

"एवढं शेवाळ कशाला हो?" मी विचारलं.

"एक पट्ट्यांचा मासा मारकुटा आहे. धाकट्या मासोळीचे पर कुरतडतो. मार खाणाऱ्याला लपायला जागा नको?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. भर दुकानात ओरडले, "माशाला जागा! आणि मला कोठीमागून ओढून काढायचात, तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?" सुमीत खाली मान घालून पिशवीला गाठ मारत बसला. बाबांनी पैसे मोजून ठेवले आणि पिशवी उचलली.

जुलैत माझी पंचाईत झाली. माझी मिनू सात वर्षांची. तिची शाळा बाराला सुटते, माझं ऑफिस पाचला, आणि नवरा विक्रांत रोज इंदूरला अप-डाऊन करतो. सांभाळणारी बाई काम सोडून गेली. बाबांशिवाय कोणीच उरलं नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "मिनूला बोट जरी लावलंत ना, तर ती पुन्हा तुम्हाला दिसायची नाही. तुम्ही मेलात तरी आणणार नाही." ते म्हणाले, "बरं." संध्याकाळी तिला घरी आणलं की मी आधी पोरीचा फ्रॉक वर करून पाठ बघायची, मग दंड बघायची. पंधरा दिवस काही नव्हतं. तरी माझा विश्वास बसत नव्हता.

त्या दिवशी दुपारी तिला शाळेतून आणून बाबांकडे सोडताना बघितलं, तर टाकीखालचं स्टूल लटपटत होतं. स्कूटी सुरू करता करता मी ओरडले, "बाबा, टाकी खाली ठेवा हं! पोरीच्या अंगावर पडायची!"

पाचला आले तर दारापर्यंत पाणी. झाडं मुळासकट उपटून वर्तमानपत्रावर टाकलेली, मॉसचा चिखल झालेला, मासे बादलीत. रिकाम्या टाकीपाशी मिनू मग्गा घेऊन उभी, नखशिखांत भिजलेली. आतून बाबांचं घोरणं ऐकू येत होतं.

 आता हे उठणार आणि पोरीला फोडून काढणार! त्यांच्या आधी मीच पोचले. एक ठेवून दिली. मग दुसरी. मग मोजायचं भान राहिलं नाही. "टाकीला हात कशाला लावलास? कशाला?" तिचा ओठ फुटला, रक्त फ्रॉकवर आलं, तरी माझा हात थांबेना. ती निसटली आणि थेट कोठीमागे जाऊन बसली.

मी वाकले, तिच्या वेणीला हात घातला. तेवढ्यात मागून माझं मनगट कोणीतरी धरलं. डावंच.

"सोड तिला."

"तुम्ही मला शिकवू नका!" मी उजव्या हाताने त्यांच्याही तोंडात मारली. चष्मा उडून भिंतीवर फुटला. त्यांनी मनगट सोडलं नाही. मला मागे खेचलं आणि स्वतः कोठीला पाठ लावून उभे राहिले. सत्तरीचा माणूस, पण जागचा हलला नाही.

मागून हुंदके देत मिनू बोलली, "आई, तूच तर म्हणालीस, टाकी खाली ठेवा. आजोबा झोपले होते, म्हणून मी पूरी खाली केली."

हिंदी शाळेतली पोर माझी. तिच्यासाठी खाली म्हणजे रिकामी. सांगितलं तेच केलं होतं तिने, आणि तेही मीच सांगितलं होतं.

मी तिथेच पाण्यात बसले.  म्हटलं, "ये गं राणी, बाहेर ये. नाही मारणार मी."

 कोठीमागून हळूच आवाज आला, "आजोबा, गेली का ती?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "नाही बाळा. अजून इथेच आहे."