पार्बताआत्याच्या कुरड्या आणि गच्चीचं कुलूप

पार्बताआत्या नसती तर मी पदवीधर झालो नसतो, आणि मी नसतो तर पार्बताआत्याच्या चार किलो कुरड्यांचा भुगा झाला नसता. या दोन्ही गोष्टी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. फक्त पहिली मी सांगतो आणि दुसरी बाकीचे सगळे!

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरकडचं. शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं म्हणून आत्यानं मला अमरावतीला, राजापेठेतल्या आपल्या गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत आणलं. कुरड्या, पापड, शेवया करून विकायचा तिचा उद्योग. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत ती गच्चीवर जे वाळवायची, त्यातून माझी वर्षाची फी, वह्या आणि चपला निघायच्या. थोडक्यात, माझी बी.एस्सी. ही उन्हात वाळवलेली पदवी आहे. (म्हणूनच ती अजून टिकून आहे, असं आत्या म्हणते.)

आणि नोकरी मला मिळाली ती लोकांना याच उन्हापासून वाचवायची! अकोल्यात. दर साली उन्हाळा लांबतोय, रात्री बारा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो, म्हणून गल्लोगल्ली जाऊन लोकांना सावध करायला आम्हा काही पोरांना कंत्राटावर घेतलेलं आहे. माझं पद ‘उष्माघात जनजागृती सहाय्यक’. ओळखपत्रावर ते दोन ओळींत बसवावं लागलं आणि नाव तिसऱ्या ओळीत गेलं.

गेल्या वैशाखात आत्या राजापेठेतल्या गच्चीवर पापड उलटवता उलटवता चक्कर येऊन पडली. दोन दिवस दवाखान्यात होती. निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “या वयात आणखी एकदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही.” बस, त्या वाक्यानं माझी झोप उडाली. शहरभर लोकांना वाचवत फिरायचं आणि जिनं आपल्याला माणसात आणलं तिला टिनाखाली सोडायचं? यंदा एप्रिल लागताच मी तिला अकोल्याला घेऊन निघालो.

“अमरावतीचं ऊन चुकवाले अकोल्याले?” आत्या भर एसटीत म्हणाली. “गजू, इतका शिकला तू, पन नकाशा नाही शिकवला का बे तुले?”

पुढच्या बाकावरचे आजोबा हसता हसता खोकले. मी त्यांना पाणी प्यायला सांगितलं.

घरी कूलर होता, पक्का स्लॅब होता, आणि मी होतो. आत्याला सर्वात जास्त त्रास या तिसऱ्या सोयीचा झाला. मी कुठंही असलो तरी दर तासाला फोन करायचो.

“आत्या, पाणी पिलीस?”

“पेली.”

“किती?”

“पोटभर.”

“आणि लघवीचा रंग...”

फोन कट! एकदा तर तिनं मालकीणबाईंना, गावंडे काकूंना, फोन देऊन टाकला आणि माझी पुढची पाच मिनिटं त्यांच्या पाण्याची चौकशी करण्यात गेली.

चौथ्या दिवशी आत्यानं गहू भिजवले. गहू भिजले म्हणजे चीक निघणार, चीक निघाला म्हणजे कुरड्या पडणार, आणि कुरड्या पडल्या म्हणजे आत्या गच्चीवर!

“आत्या, आता पहिल्यासारखं ऊन राहिलं नाही.”

“मले नको सांगू. पडली मीच होती न!”

“मग?”

“मंग काय? एवढं कडक ऊन फुकट चाललं, ते का डोयानं पाहू? मी कायी दुपारी नाही जात. सकायी जाईन.”

पण माझा विश्वास नव्हता. माणसं ऐकत नाहीत, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. मी बाजारातून दाबून लागणारं कुलूप आणलं आणि जिन्याच्या बाजूनं गच्चीच्या दाराला लावलं. एक किल्ली माझ्या गळ्यात ओळखपत्राच्या फितीला, दुसरी काकूंकडे. दारावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: ‘दुपारी ११ ते ४ गच्चीवर जाण्यास सक्त मनाई. दार उघडे दिसल्यास तात्काळ कुलूप लावावे.’ खाली सही. माझी!

काकूंनी तो कागद दोनदा वाचला. “काही काळजी करू नका. मी डोळ्यात तेल घालून पाहीन.” (त्यांनी शब्द पाळला. माझं म्हणणं शब्दशः ऐकणारी ती अकोल्यातली पहिली व्यक्ती.)

त्या गुरुवारी दुपारी साडेबाराला मी जवळच्या वस्तीत पत्रकं वाटत होतो. आत्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. स्कूटर वळवली. घराच्या कोपऱ्यावरून वर पाहतो तो काय, गच्चीच्या कठड्यावरून पांढऱ्या साडीचा पदर लोंबतोय! वाळवण!

खोलीत डोकावावं, हे शहाण्या माणसाला सुचलं असतं. मी तीन मजले धावत थेट वर गेलो. दाराला कुलूप. म्हणजे आत्या वर आणि काकूंनी माझा कागद वाचून तिला बाहेरच कोंडलं! मी कुलूप काढलं, कडीला अडकवलं, चपला दाराशी काढल्या (वाळवणात चपलेनं जायचं नाही, हे आत्यानं असं शिकवलंय की घराला आग लागली तरी माझे पाय आधी चपला काढतील) आणि गच्चीवर धावलो.

“आत्या! आत्या!”

टाकीमागं पाहिलं. नाही. तिनं मी झोपेत असताना, काकूंची किल्ली घेऊन, पहाटे सहालाच कुरड्या घालून आठच्या आत कुलूप लावलं होतं आणि आता ती खाली कूलरपुढं घोरत होती, हे मला कुठं ठाऊक? मी तळपाय भाजत टाकीला एक चक्कर मारली, तेवढ्यात मागून ‘खट्ट’ असा आवाज झाला. आणि जिन्यातून काकूंचा आवाज, “दार सताड उघडं टाकतात लोक! एवढं लिहून ठेवलंय तरी!”

“काकू! काकू, मी आहे!”

काकू आपल्या कूलरपाशी पोचल्या होत्या.

किल्ली माझ्या गळ्यात, कुलूप दाराच्या पलीकडं आणि चपला कुलपाच्याही पलीकडं! मोबाईल काढला. त्याच्या पडद्यावर सूचना आली की तो फार तापला आहे, त्याला थंड होऊ द्यावं. मग तो काळा झाला. मी कठड्यावरून ओरडलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, घराघरांतून कूलरची घरघर. दोन महिने मी या गल्लीत ‘दुपारी बाहेर पडू नका, खिडक्या झाका’ म्हणून घसा कोरडा केला होता. आज पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकलं होतं!

तळपाय सहन होईनात, म्हणून मी साडीवर उडी मारली. कर्रर्र! कुरड्या. दुसरा पाय ठेवला. कर्रर्र! टाकीची तोटी सोडली तर चहा टाकावा असं पाणी. शेवटी कुरड्या बाजूला लोटून साडीचं एक टोक उपसलं आणि डोक्यावरून घेतलं. तेवढ्यात समोरच्या घराची खिडकी बोटभर उघडली.

“ओ आजी!” आतली बाई ओरडली. “भरदुपारी गच्चीवर काहून आल्या? तुमचा भाचा आमाले पत्रक देऊन गेला न!”

“मी भाचाच आहे!” मी ओरडलो. घशातून आवाज धड निघेना.

“हो हो, लय हुशार भाचा हाये तुमचा. जा बरं खाली!”

खिडकी बंद.

मग माझा घाम थांबला. घाम थांबणं हे वाईट लक्षण आहे, पत्रकातलं चौथं. मला ते आठवलं, पण कोणी दुसऱ्याबद्दल सांगतंय असं वाटलं. मी वाळवणावर येरझाऱ्या घालत, म्हणे, मोठ्यानं पत्रक वाचत होतो.

आणि वीज गेली! जन्मभर मी लोडशेडिंगला शिव्या दिल्या, त्या सगळ्या परत घेतो. गल्लीतले कूलर एकदम गप्प झाले, आणि त्या शांततेत गच्चीवरचा आवाज थेट खाली आत्याच्या खिडकीत गेला. कर्रर्र, कर्रर्र.

“काकू! माया कुरड्या कोन तुडवून राह्यलं वं?”

दार उघडलं तेव्हा उन्हाच्या झळीत आत्या उभी. तीन मजले चढून, भर दीड वाजता! जिच्यासाठी एवढं सगळं केलं, तीच धापा टाकत उन्हात.

“आत्या,” मी म्हणालो, “अकरा ते चार...”

“चूप बस!”

मला काखेत धरून तिनं जिन्यात सावलीला आणलं. सदऱ्याची बटणं सोडली. काकूंकडून माठाचं पाणी मागवून मान, काखा ओल्या केल्या. माझ्याच पत्रकांच्या गठ्ठ्यानं वारा घातला. काकू पन्ह्याचा गिलास तोंडाशी आणू लागल्या, तर आत्यानं हात धरला. “थांबा. पहिले नाव विचारा त्याले. शुद्धीवर नसन तं पाजू नका, ठसका लागन. लिहेल हाये त्यात.”

मी तिला ते पत्रक दिलं होतं पहिल्या दिवशी. तिनं ते बोट ठेवून ठेवून, माझ्याच जुन्या पाठ्यपुस्तकांवर शिकलेल्या अक्षरओळखीवर, अख्खं वाचलं होतं. मीच एकटा होतो ज्यानं ते फक्त वाटलं होतं.

ऑटोतून तिनं मला आरोग्य केंद्रात नेलं. सलाईन लागलं. तिथल्या सिस्टरनं नोंदवही उघडली. ती वही मीच महिन्याभरापूर्वी रेघा मारून तयार केली होती. उष्माघाताचे रुग्ण, या मोसमातले. पान कोरं होतं.

“व्यवसाय?” सिस्टरनं विचारलं.

आत्यानं माझं ओळखपत्र पुढं केलं. सिस्टर दोन्ही ओळी हळूहळू वाचत गेली आणि तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

आठवड्यानं आत्या राजापेठेला परत गेली. फोनवर मला नीट माफी मागता येईना. म्हणून तिला हे पत्र पाठवलं:

“ती. पार्बताआत्यास सा. न.

माझी तब्येत चांगली आहे. पाणी पितो. रंगही चांगला आहे.

तू त्या दिवशी तीन मजले चढून आलीस. मी तुला सांभाळायला आणलं होतं आणि सांभाळलंस तू, जशी सातवीपासून सांभाळत आलीस. राजापेठेच्या घरमालकांशी बोललो आहे. टिन तापू नये म्हणून त्यावर पांढरा चुना मारायला पुढच्या रविवारी येतो. पहाटे येईन, आठच्या आत खाली उतरेन, आणि चपला काढणार नाही. त्या दिवशी तुझं वाळवण नसेल असं बघ.

आमच्या साहेबांनी नवीन पत्रक काढलं आहे. ‘हे करा’ या बाजूला तू जिन्यात केलेलं सगळं आहे. ‘हे करू नका’ या बाजूला काकूंनी जिन्यात काढलेला माझा फोटो आहे, डोक्यावर साडी घेतलेला. गल्लोगल्ली ते मीच वाटतो आहे. लोक यंदा पत्रक घडी घालून जपून ठेवतात.

भुग्याची खीर काकूंनी केली होती. चांगली झाली.

गच्चीची किल्ली माझ्या गळ्यातून काढून तू सोबत नेलीस, हे काल लक्षात आलं. परत पाठवू नकोस. ती माझ्यापासून शंभर किलोमीटर लांब आहे, तोवर अकोला सुरक्षित आहे.

तुझा,
गजू (बी.एस्सी.)”