शोधा सावली

कारागीर उस्ता सोबितने टाइल्स बसवलेल्या भिंतीवर दिवा आडवा धरला तरी सांध्यात सावली पडत नाही, असं समरकंदमध्ये बोललं जाई. टाइल केसाएवढी जरी पुढे आली तरी आडव्या उजेडात ती लपत नाही. म्हणून काम संपलं की सोबित वायरचा दिवा भिंतीलगत फिरवायचा आणि घरमालकाला म्हणायचा, "शोधा सावली." चाळीस वर्षांत फारशी कुणाला सापडली नाही.

गांच म्हणजे इथलं पांढरं प्लॅस्टर. ते साच्यात ओतून तो उठावाच्या टाइल्स करायचा, मग त्यांवरची डाळिंबाची फुलं चाकूने आणखी खोल कोरायचा. जमिनीलगतची नक्षी उथळ, छताजवळची खोल आणि किंचित खाली झुकलेली. कारण पाहुणा गादीवर बसून मान वर करतो.

दोन वर्षांपूर्वी त्याला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलेलीही जात राहिली. हे फक्त त्याच्या मुलीला, दिलोरोमला, ठाऊक होतं. आंधळ्या उस्ताला भिंत कोण देणार? नक्षी आणि सांधे बोटांना कळत होते. रंग तेवढा दिलोरोम बघायची.

वसंतात मावलुदा आपाच्या बैठकीचं काम मिळालं. मुलाचं लग्न ठरत होतं, शनिवारी मुलीकडचे यायचे होते. गुरुवारी सात टाइल्स फुटल्या. दिलोरोम कामावर गेली होती. सोबितने तिची वाट पाहायला हवी होती. त्याने हाताला लागलं ते गांचचं पोतं उघडलं आणि सात नव्या टाइल्स ओतून बसवल्या.

शुक्रवारी दुपारी मावलुदा आपा भावाला घेऊन भिंत बघायला आली. भाऊ एर्गाश बांधकामावरचा मुकादम. सोबितची निम्मी कामं त्याच्याकडून यायची.

"काय हो उस्ता, भिंतीला कावीळ झालीय का?" आपा म्हणाली.

"तुमचीच दृष्ट लागली असेल, आपा."

"थट्टा पुरे. हे सात पिवळे डाग बघा की!"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्या नाकासमोर!"

"ओल आहे अजून. वाळलं की रंग एक होतो," असं म्हणत सोबितने दिवा लावला. "तुम्ही सांधे बघा, सांधे. शोधा सावली."

बारा ओळी होत्या. तो वरून सुरू झाला. एर्गाश भिंतीकडे नाही, त्याच्याकडे बघत होता. मग तो वाकला आणि त्याने दिव्याचा प्लग भिंतीतून उपसला. आपा काही बोलणार तोच त्याने हात वर केला.

सोबित दिवा फिरवत राहिला. पिवळ्या टाइल्सवरून गेला. शेवटच्या ओळीला गुडघे टेकून बसला.

"बघितलंत? आहे कुठे सावली?"

काच तापलेली असते म्हणून त्याने रुमाल गुंडाळून दिवा धरला होता. आता रुमालातून ऊब लागेना. मग रुमाल काढला आणि काचेवर उघडा तळवा ठेवला. काच गार होती.

"एर्गाश," तो म्हणाला, "कितव्या ओळीपासून?"

"दुसऱ्या."

"उस्ता, चहा घेऊन जा," आपा म्हणाली. डागांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

सोबित वायर कोपराभोवती गुंडाळायला लागला. तिचं टोक त्याला सापडेना.