प्रेमराजच्या डझनातला बारावा लेसर

…तर लेसर हिरवा घ्यायचा की लाल, यावर घोडं अडलं होतं. कोकिळा मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांचं म्हणणं, "हिरवाच. डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो, म्हणजे कमी ताकदीचा पुरतो." आणि खाजाभाई, ज्यांच्या कमरेला डाळमिलच्या गोदामाची किल्ली असायची, ते म्हणत होते, "मॅडम, लेना है तो ऐसा लेओ, की दूर से काडी पेट जाए."

"का हो खाजाभाई, काडी घासायला हात दुखतात का तुमचे?" मॅडमनी विचारलं.

गोदामभर हशा झाला आणि हिरवा ठरला. इथवर काल गोष्ट आली होती. पण काल ज्यांना मध्येच डुलकी लागली, त्यांच्यासाठी मागचा धागा जरा ओढून घ्यायला हवा. प्रेमराज कोण हे कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

प्रेमराज जळगावातला ठिबकचा फिटर. शेतात नळ्या अंथरायच्या, तोट्या बसवायच्या, कुठे पाणी अडलं तर नळीला कान लावून ऐकायचं. अंगाने काडी, बोलणं बेताचं, आणि तोंडावर 'नाही' म्हणणं तर त्याला जन्मात जमलं नाही. मूळ गाव नरडाण्याच्या अलीकडे, रुळाला लागून. एकदा संध्याकाळी तो केळीच्या बागेत तोटी तपासत होता. तोटीला एक थेंब लोंबत होता, पडू की नको करत. बागेच्या मालकाने किल्ल्यांच्या जुडग्यातला खेळण्यातला लाल लेसर सहज गंमत म्हणून दाबला. किरण त्या थेंबातून आरपार गेला आणि पलीकडे मोटारीच्या खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर खाटेएवढं लाल वर्तुळ उमटलं. वर्तुळात काहीतरी पोहत होतं. काळं, केसाळ, हाताएवढं. ते वळलं, थांबलं, आणि पुन्हा यांच्या बाजूला वळलं. मालक मोटार बंद न करताच घरी निघून गेला. प्रेमराज मात्र थेंब पडेपर्यंत जागचा हलला नाही.

तेव्हापासून नाद लागला. सिरिंजच्या टोकाला थेंब लोंबवायचा, मागून लेसर धरायचा आणि पाण्यातले जीव भिंतीवर म्हशीएवढे करून बघायचे. असल्या नादाची माणसं एकमेकांना हुडकून काढतातच. हळूहळू मंडळी जमली आणि लोक त्यांना थेंबमंडळ म्हणू लागले. रविवारी भर दुपारी डाळमिलचं रिकामं गोदाम, दारं लावलेली. बाहेर चैत्राचं ऊन, आत काळोख. तिथल्या हवेत डाळीची बारीक धूळ कायम तरंगत असायची; लेसर पेटला की त्या धुळीत किरण ताणलेल्या दोरीसारखा दिसायचा. जो तो आपल्या घरचं पाणी बाटलीतून घेऊन यायचा.

प्रेमराजला कुठे थांबावं हे कळायचं नाही, हेही खरं. एका लग्नात त्याने कौतुकाने मांडवाच्या पडद्यावर टाकीतलं पाणी दाखवलं. वरपक्षाची जेवणं अर्ध्यावर आली होती. सगळे हात धुवायला उठले, आणि कशाने धुवायचे म्हणून पुन्हा बसले. वधूपिता अजूनही रस्त्यात प्रेमराज दिसला की गाडी वळवतो.

या मंडळात एक नियम मात्र सगळ्यांना पाठ होता. कोकिळा मॅडमनी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, "थेंब सगळं उलटं दाखवतो. जिवंत असेल ते हवं तिकडे पळेल. पण जे मेलंय ते पाण्यात खाली बसतं, आणि खाली बसणारं भिंतीवर वर चढताना दिसतं." म्हणून भिंतीवर एखादा ठिपका सरळ, सावकाश वर निघाला, की खाजाभाई दोन्ही हात आकाशाकडे करून म्हणायचे, "गया बिचारा!" आणि सगळे हसायचे.

आता मूळ गोष्ट. जुने लाल लेसर एकेक करून विझले आणि सगळ्यांनी मिळून नवे हिरवे मागवायचं ठरलं. व्यापारी मिळाला सुरतेचा. तो डझनाच्या खाली माल सोडायला तयार नाही, आणि इथे नावं अकरा. प्रेमराज बाराव्यासाठी वणवण फिरला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तर हातच जोडले. "प्रेमराजभाऊ, माझ्या चहाचं पाणी तुम्ही बघितलं तेवढं पुरे. मला नका दाखवू, मला धंदा करायचाय."

शेवटी बारावं नाव आलं ते जिथून कधी येईल असं वाटलं नव्हतं तिथून. गावाहून वच्छलावहिनींचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलता बोलता प्रेमराजने लेसरचं रडगाणं गायलं.

"माल कोठून येस, भाऊ?" वहिनींनी विचारलं.

"सुरतहून."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका वाजला. मग वहिनी म्हणाल्या, "मंग माले बी एक लई द्या."

वच्छलावहिनी म्हणजे प्रेमराजच्या थोरल्या भावाची, जीवरामची बायको. जीवराम नरडाण्याच्या फलाटावरून सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला गेला. आधी फोन यायचे, दिवाळीला माणूस यायचा. मग फोन थांबले, माणूसही थांबला. प्रेमराज सुरतेच्या गल्ल्या तुडवून आला. त्या नावाचा माणूस कुणाच्या ध्यानातही नव्हता. वहिनींचं कुंकू मात्र कपाळावर होतं तिथेच होतं.

आणि दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, यायची. खानदेशात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात, तिच्यावर आंबा, खरबूज ठेवतात. ज्याची घागर भरली तो गेला, त्याला पुन्हा कुणी वाटेकडे डोळे लावून बसत नाही. जीवरामची घागर मांडायचा मान धाकट्या भावाचा, आणि प्रेमराज दर वर्षी 'पुढच्या साली बघू' म्हणून वेळ मारून नेत होता. यंदा चुलते छगननाना हट्टाला पेटले. "प्रेमराज, आते पुरे. यंदा जीवरामनी घागर मांड. तिलेबी मोकळी कर, तूबी मोकळा व्हय." एवढ्यावर न थांबता त्यांनी कुंभाराकडून नवी घागर आणून वहिनींच्या घरात ठेवली. वहिनींनी घागर उचलली आणि कोपऱ्यात पालथी घातली.

यानंतर काही दिवसांनी पहाटे वहिनींचा फोन आला. आवाज अगदी शांत, गाय व्याली असं सांगावं तसा.

"भाऊ, घागर सुलटी व्हयनी. आन भरेल शे."

प्रेमराज मिळेल त्या गाडीने गेला. रात्री घरात वहिनी एकट्याच होत्या, दाराला आतून कडी. घागर खरंच सरळ उभी, काठोकाठ भरलेली. नवी माती पाणी पिते, बाहेरून ओलसर होते. ही बाहेरून कोरडी ठाक. प्रेमराज शेवटी फिटर. छपरावरची टाकी, तिची नळी, एकेक सांधा त्याने बोटाने चाचपला. कुठेही ओल नाही. घागरीभोवतीच्या जमिनीवर एक थेंब सांडलेला नाही. नानांना विचारलं तर ते बैलांच्या गळ्यावर हात ठेवून म्हणाले, "मी भरी व्हई, तर ह्या जोडीना मुडदा पडो."

परत येताना गाडीत प्रेमराज मनातल्या मनात एकच घोकत होता, नानांनीच भरली असू दे. म्हाताऱ्यावर रागावता येईल, दोन दिवस अबोला धरता येईल, आणि गोष्ट मिटेल. त्याला पाणी ओळखता येत होतं. टाकीचं औषध घातलेलं पाणी भिंतीवर कोरं दिसतं. नानांच्या विहिरीचं पाणी म्हणजे भरलेली जत्रा. घागरीतला एक थेंब बघितला की कळणार होतं, कुणाचा हात आहे. निघताना तो वहिनींना सांगून आला होता, "रविवारी लेसरचं पार्सल फुटेल. बाटली भरून आणा."

वहिनी आल्या. पदराखाली बाटली, डोक्यावर पदर, आणि बारा जणांच्या गोदामात एकट्या गावाकडच्या. खाजाभाईंनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. पार्सल मध्ये ठेवलेलं होतं. वहिनींनी खुर्चीवर न बसता आधी त्या खोक्यावर तळहात टेकवला. सुरतेचा शिक्का होता तिथेच. मग हात काढून घेतला, आणि बसल्या.

एकेक लेसर निघाला, एकेकाने दाबून बघितला. गोदामाच्या काळोखात हिरव्या दोऱ्या ताणल्या गेल्या, धुळीतून सळसळत भिंतीवर टेकल्या. मंडळी लहान पोरांसारखी खूश झाली. कोकिळा मॅडम ओरडत होत्या, "डोळ्यांवर नाही, डोळ्यांवर नाही! खाजाभाई, खाली करा!" शेवटचा एक मात्र पेटेना. सेल बदलले, झटकला, खाजाभाईंनी फुंकर मारली. मेलेला.

"परत पाठवू," प्रेमराज म्हणाला. "वहिनी, तुम्ही माझा घ्या."

"हाऊच ऱ्हाऊ द्या माले," म्हणत वहिनींनी तो मेलेला लेसर हातात घेतला. बटण दाबलं. पेटला.

कुणीतरी हसायला गेलं आणि गप्प झालं. "स्प्रिंग अडकली असेल," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बरोबरच असणार. पण त्या स्वतः एक पाऊल मागे सरकल्या, हे प्रेमराजने पाहिलं.

त्याने सिरिंजमध्ये घागरीचं पाणी ओढलं आणि थेंब लोंबवला. मागून वहिनींनी लेसर धरला. त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता. समोर भिंतभर हिरवं वर्तुळ उमटलं.

टाकीचं पाणी नव्हतं ते, कारण भिंत कोरी नव्हती. विहिरीचंही नव्हतं, कारण जत्रा नव्हती. त्या एवढ्या मोठ्या हिरव्या उजेडात, अगदी खालच्या कडेला, एकच काहीतरी होतं. लांबट, काळसर. प्रेमराजने आजवर शेकडो ठिकाणचं पाणी बघितलं होतं, पण असलं काही त्याच्या बघण्यात नव्हतं. ते तिथे नुसतं होतं, एखादं माणूस भिंतीला टेकून बसावं तसं.

मग ते वर चढायला लागलं.

सरळ. सावकाश. ना डावीकडे, ना उजवीकडे. खाजाभाईंचे हात सवयीने वर गेले, "गया बि…" एवढं तोंडातून निघालं, आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. नियम सगळ्यांना पाठ होता. प्रेमराजने वहिनींकडे बघितलं. कारण हा नियम त्यानेच मागच्या आखाजीला गावी, ओसरीवर बसून, मोठ्या कौतुकाने वहिनींनाही समजावला होता.

वहिनी भिंतीकडे बघत होत्या. ते चढत चढत वर्तुळाच्या माथ्याला जाऊन टेकलं. टेकलं आणि थांबलं. बाहेर रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली, तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

आणि मग ते खाली यायला लागलं. भिंतीवर खाली, म्हणजे थेंबात वर. जे बुडालं होतं ते उठत होतं. वर्तुळाच्या मधोमध आलं, आणि तिथे, सगळ्यांच्या देखत, वळलं. यांच्या बाजूला.

लेसर विझला.

खाजाभाईंनी धडपडत जाऊन दार उघडलं. ऊन आत घुसलं तेव्हा सगळे एकमेकांकडे असे बघत होते, जणू पहिल्यांदाच भेटतायत. कोकिळा मॅडमनी आधी घसा साफ केला. "उन्हाळ्यात थेंब लवकर आटतो. आटताना आतलं पाणी गोल फिरतं, त्याच्याबरोबर मेलेलंही वर येतं. पुस्तकात आहे हे."

"वो पलटा था, मॅडम," खाजाभाई हळूच म्हणाले. "अपनी तरफ पलटा था."

"फिरणाऱ्या पाण्यात वळतंच ते."

वहिनींनी विझलेला लेसर पुन्हा दाबला नाही. पदराच्या टोकाला बांधून टाकला. बाटलीत पाणी उरलं होतं, तिचं झाकण घट्ट केलं. मग प्रेमराजकडे वळल्या. कपाळावरचं कुंकू घामाने थोडं ओघळलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मॅडमबाईनं ऱ्हाऊ द्या, भाऊ. त्या शिकेल शेत. तुम्हीन सांगा. परवा आखाजी शे, नाना दारशी येई उभा ऱ्हाई. घागर तं भरेलच शे. आते तिनं मी काय करू?"

प्रेमराज म्हणजे जन्मभर कुणाला 'नाही' न म्हटलेला माणूस. सिरिंजच्या टोकाला थेंब अजून लोंबत होता. त्याने तो बोटावर घेतला, उन्हात धरून बघितला. साधं पाणी. मग मान वर न करता तो म्हणाला,

"नही, वहिनी. ती घागर पितरंमा नही मांडानी. दारशी ठेवा, वर पेला ठेवा. जेनी भरी व्हई, तो तहान लागनी का येई आन पिई."