मीटररावांचे सेल आणि सासूबाईंचा चढ

त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. गळ्यात चष्म्याच्या दोरीसारखा व्होल्ट मोजायचा मीटर लटकलेला असायचा, म्हणून गल्लीत ते मीटरराव. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे आलेली प्रत्येक मेलेली बॅटरी ते माहेरी आलेल्या लेकीसारखी आत घेत.

"अहो, ही मेली आहे ना?" बायको विचारायची.

"बॅटरी मेली आहे. आतले सेल जिवंत असतील. एकाच्या आजारपणानं सगळं कुटुंब बदनाम होतं."

मग ते प्लास्टिकचं कवच बोथट पात्यानं अलगद उकलत. पातं आत घुसून सेलला भोक पडलं तर धूर आणि जाळ, म्हणून पायाशी वाळूची बादली ठेवलेली असे. कवच निघालं की बोटाएवढे गोल सेल बाहेर येत: गुलाबी, हिरवे, निळे. त्यांना जोडणाऱ्या पातळ पट्ट्या मीटरराव पक्कडीनं सोलून काढत, सेल चार्ज करत आणि चार्ज होत असताना एकेकाला गालाला लावून पाहत. गरम लागला तो थेट वाळूत.

"माझ्या नातवंडांना ताप आला तेव्हा कधी कपाळाला हात लावला नव्हता यांनी," सासूबाई लेकीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत. म्हणजे जावयालाही ऐकू जाई.

सासूबाई लेकीकडेच राहायच्या. गुडघे संपावर गेले होते, पण नाकावर माशी बसू देत नसत. त्यांची धाकटी बहीण गावातल्या चढाच्या टोकाला राहायची. तिच्या मुलानं तिला दुकानातून नवी कोरी विजेवर चालणारी तीनचाकी गाडी आणून दिली होती, आणि तेव्हापासून धाकटी फोनवर दुसरं काही बोलतच नव्हती. सासूबाईंकडेही तशीच एक गाडी होती, पण कुणीतरी वापरून टाकून दिलेली. तिची बॅटरी कधीच गेलेली होती, आणि गाडी अंगणात मांजराला झोपायला उपयोगी पडत होती.

एके दिवशी फोनवर धाकटी म्हणाली, "ताई, रविवारी ये ना. अगं हो, तुला चढ कसा जमणार."

"येणार," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या गाडीनं येणार. जावईबापूंनी बॅटरी केली आहे."

फोन ठेवून त्या जावयाकडे वळल्या. "जावईबापू, बॅटरी करा."

मीटररावांच्या हातातली पक्कड खाली पडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी त्यांचं कौतुक आजवर एकदाच केलं होतं, आणि तेही चुकून, मोठ्या जावयाला समजून. हा शब्द खाली पडला तर पुढचं कौतुक या जन्मात नव्हतं.

सेल तयार होतेच. चार्ज केलेले सेल मीटरराव काही आठवडे नुसते पडू देत. ज्याचे व्होल्ट तसेच राहतात तो धडधाकट, ज्याचे हळूहळू उतरतात तो गळका. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेंमध्ये हे सेल खिडकीत मांडलेले असत. धडधाकट डावीकडच्या ट्रेमध्ये, गळके उजवीकडच्या.

"सेलवर काही खूण तरी करा," बायको अनेकदा म्हणाली होती.

"खूण कशाला? माझ्या डोक्यात आहे सगळं."

"डोकं घरी विसरून बाजारात जाता, म्हणून म्हटलं."

शनिवारी सकाळी ते चिकटपट्टी आणायला बाजारात गेले. परतले तर खोली लख्ख झाडलेली, आणि सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत समाधानानं बसलेल्या.

"जरा पसारा आवरला तुमचा."

"फार बरं केलंत, आई," मीटरराव म्हणाले. ट्रे जागच्या जागी होते. उलट नेहमीपेक्षा देखणे दिसत होते. धूळ पुसल्यामुळे असेल, असं त्यांना वाटलं.

डाव्या ट्रेमधले सेल त्यांनी पुन्हा पूर्ण चार्ज करून मोजले. सगळ्यांचे आकडे सारखे. ताजा चार्ज केला की गळकासुद्धा काही वेळ शहाण्यासारखा वागतो, हे मीटररावांना पाठ होतं, पण डाव्या ट्रेवर कशाला संशय घ्यायचा? दुपारभर त्यांनी सेलांचे गट केले, गटामागे गट जोडले, पट्ट्या ठिणग्या टाकत चिकटवल्या. शेवटी एक छोटं सर्किट बसवलं. एकही गट थकला तर वीज तोडायची, एवढंच त्याचं काम. संध्याकाळी सासूबाईंनी सपाट गल्लीत दोन चकरा मारल्या आणि मांजराला हॉर्न वाजवून दाखवला. हॉर्न रबरी भोंग्याचा होता, त्याला वीज लागत नसे.

रविवारी मीटरराव गाडीमागून चालत निघाले. चढाचा पहिला टप्पा गाडीनं ऐटीत घेतला. धाकटी वर गच्चीत उभी होती. सासूबाईंनी मान उंच केली, भोंगा वाजवला, आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"काय झालं?"

"सर्किटनं वीज तोडली. कुठला तरी गट थकला." मीटररावांनी घाईनं मीटर लावला. "हे सेल तर पहिल्या नंबरचे होते. आई, तुम्ही जरा उतरता का?"

"ती बघते आहे वरून. मी बसून आले, बसूनच जाणार."

"पण वजन..."

"कुणाचं वजन?"

"गाडीचं," मीटरराव म्हणाले.

वीज गेली की या गाडीचा ब्रेक आपोआप आवळतो. तो सोडवायचा खटका मागे, अगदी खाली होता. तो एका हातानं दाबून धरायचा, दुसऱ्या हातानं आणि छातीनं ढकलायचं, आणि वरून दिसू नये म्हणून डोकं सीटच्या खाली ठेवायचं. मीटरराव बदकासारखे चालू लागले.

"हळू," सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "धक्के बसतायत. गाडी चालल्यासारखं ढकला."

"मग तुम्ही हँडल झाडाकडे नेऊ नका."

"बोलू नका. तिच्या कानाला काही झालेलं नाही."

अशी ती गाडी भोंगा वाजवत वर पोचली, तेव्हा धाकटी फाटकात उभी होती. मीटरराव गुडघ्यावर, तोंड टोमॅटोसारखं.

"ताई, गाडी तू चालवलीस आणि घाम यांना?"

"चाकं तपासतायत," सासूबाई म्हणाल्या. "फार बारीक लक्ष असतं त्यांचं. असा माणूस लाखात एक."

मीटरराव तसेच खाली बसून राहिले. हे दुसरं कौतुक होतं, आणि या वेळी माणूस बरोबर होता.

धाकटीनं दोघांना मागच्या अंगणात नेलं. तिथे तिची नवी कोरी गाडी उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते.

"माझीही अशीच चढायची, ताई. पहिले काही दिवस. मग बंद पडली. मला फक्त मागून चाकं तपासणारा कुणी नाही."

दोघी बहिणी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की धाकटीला टॉवेलनं डोळे पुसावे लागले.

उतारावर मीटरराव गाडी मागून ओढून धरत चालले होते. अर्ध्या वाटेत सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ते सेल रंगानं लावायचे नसतात का?"

"म्हणजे?"

"काल आवरताना मी गुलाबी सगळे एका ट्रेत केले. हिरवे निळे दुसऱ्यात. किती छान दिसत होते."

मीटररावांच्या डोळ्यांपुढे खिडकीतला तो देखणा ट्रे आला. धडधाकट गुलाबी, गळके गुलाबी, सगळे शेजारी शेजारी. त्यांनी तोंड उघडलं, मग सासूबाईंच्या ताठ मानेवरचा अंबाडा पाहिला.

"छान दिसत होते खरे," ते म्हणाले. "चूक माझी. खूण करायला हवी होती."

हे वाक्य बायकोनं नंतर तीनदा म्हणायला लावलं.

त्या रात्रीच बॅटरी उकलून सगळे सेल पुन्हा चार्जला लागले. आता खिडकीत सासूबाईंची खुर्ची कायमची आहे. चांगल्या सेलवर त्या लेकीच्या नेलपॉलिशनं ठिपका देतात, सेलच्या रंगाला शोभेल असा. धाकटीच्या गाडीची बॅटरीही टेबलावर येऊन पडली आहे. परवा मीटरराव तिचं कवच उकलत होते, तेवढ्यात सासूबाईंनी चार्जवरचा एक सेल उचलून गालाला लावला, डोळे मिटले आणि वाळूच्या बादलीकडे बोट केलं.

"हा कणकणतोय," त्या म्हणाल्या. "बाजूला निजवा त्याला."